जिनं रांधलं तिचं नाव

"एक वाक्य बोलायचं आहे तुले. एकच. 'म्या मनानं लिहिलं.' जीभ झडते काय तुही?"

"खोटं आहे ते, भिया."

"अन् खरं बोलून काय मिळालं? हे?"

खेमसिंगनं बोट दाखवलं ते पुस्तकांच्या दोन मांडण्यांमधल्या जागेकडे. तिथं सतरंजीवर त्यांची आई रामीबाई, बंजारा बोलीत त्यांची याडी, भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिचं गाठोडं. तिला इथं येऊन नऊ दिवस झाले होते, पण गाठोडं काही पूर्ण सुटलं नव्हतं. लागेल तेवढं काढायचं आणि पुन्हा गाठ मारायची, असं चाललं होतं.

"तिच्यासमोर नको बोलू," बबिता म्हणाली.

"काहून नको? तिचंच चालू आहे न सगळं?" खेमसिंगनं समोरची स्पायरल बांधलेली वही उचलून टेबलावर आपटली. "घरी बा चहा पीत नाही, माहीत आहे तुले? त्याच्या हातानं कप धरल्या जात नाही. वर्षा तोंडाशी नेते, त तो तोंड मिटते. सुनेच्या हातानं नाही पेत म्हणते. तेरा वर्षं याडीनं पाजला त्याले चहा. आता कोण पाजीन? तू? का तुह्या ह्या काळ्या बाया येईन अमेरिकेतून?"

"त मंग याडीले घेऊन जा ना!"

"कशी नेऊ? तांड्याच्या नायकानं सांगितलं न, बैठक होईपर्यंत रामीच्या हातचं पाणी कोणी घ्याचं नाही. घरी नेली त माह्या पोरींच्या हातचंही कोणी घेणार नाही."

"कायदा आहे, भिया. वाळीत टाकता येत नाही कोणाले. मी पोलिसात जाईन."

"जा. आत टाक नायकाले. मंग याडीले तांड्यात कोणाच्या दारी बसवशील?" तो दारापर्यंत गेला, परत फिरला. "तुले सोताचं घर टिकवता नाही आलं, बबिता. म्हणून तिचं मोडलं तू."

हे बोलल्यावर तो स्वतःच थोडा वरमला. रामीबाईकडे न बघता म्हणाला, "शनिवारी बाराले. देवळासमोर. ये." आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

पुसदमध्ये 'मीठमिरची' अशी पाटी असलेलं दुकान किराण्याचंच असणार, असं कोणालाही वाटेल. बबिता आडेच्या दुकानात दिवसाला दोन-तीन माणसं पावशेर मिरची मागत यायचीच. उरलेली पोलीस भरतीचं पुस्तक मागायची. दोघांनाही तिचं उत्तर एकच: "नाही ना. पण बसा की."

बसणाऱ्यांना मग पाटीवरची खालची ओळ दिसायची. कृष्णवर्णीयांचे खाद्यलेखन व संस्कृती. बियाण्याच्या दुकानात काम करणारा एक गडी पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "ताई, अमेरिकेतले काळे लोकं काय खाते, हे पुसदच्या माणसाले कायले पाहिजे?"

"तुमच्या घरी काल काय होतं?"

"अंबाडीची भाजी."

"हे पाहा." तिनं एक जाड पुस्तक उघडून त्याच्या पुढ्यात सरकवलं. चित्रात काचेच्या भांड्यात लालभडक सरबत होतं. "तुमचीच लाल अंबाडी आहे. समुद्रापलीकडच्या बेटांवर काळे लोकं सणाले याचं सरबत करते. गुलाम करून जहाजात घालून नेले त्यायले, अन् त्यायच्या मागं त्यायच्या भाज्या गेल्या. अंबाडी गेली, भेंडी गेली, चवळी गेली."

गडी चित्राकडे बघत राहिला. "चटणी नाही करत काय?" एवढंच त्यानं विचारलं. पण दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला.

बबिताचं या पुस्तकांशी नातं जुळलं ते नागपुरात. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न दारव्ह्याकडे झालं, एकविसाव्या वर्षी मोडलं. मग नागपूरच्या एका वाचनालयात पुस्तकं लावायची नोकरी, आणि तिघींत एक खोली. एकदा तांड्याहून येताना आईनं डब्यात सळोई दिली होती. बोकडाच्या रक्ताचा पदार्थ. काळीज, आतडी घालून रांधलेला. खोलीतल्या पोरींनी विचारलं, तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या दोघींची ताटं खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली. त्यानंतर दहा वर्षं बबिता कोणी विचारलं की म्हणायची, "मटण आहे."

आणि मग वाचनालयाच्या रद्दीत ते इंग्रजी पुस्तक सापडलं. वेष्टन नाही, पहिली आठ-दहा पानं नाहीत, त्यामुळे लिहिणारीचं नावही नाही. शब्दकोश शेजारी ठेवून बबिता रोज एक पान वाचायची. एका पानावर लिहिणारीची आजी अंगणात बसून डुकराची आतडी सात पाण्यांनी धुते आहे, आणि शेजारची गोरी बाई खिडकी ओढून घेते. चांगला भाग मालकाच्या टेबलावर जायचा, फेकायचा तो गुलामांच्या झोपडीत यायचा, आणि त्या फेकलेल्यातून या बायकांनी अशी चव काढली की पुढं मालकाची पोरं मागच्या दारानं येऊन खायला लागली. बबिता त्या पानावर थांबली. उठून उभी राहिली आणि उभ्यानंच ते पान पुन्हा वाचलं.

त्यानंतर ती अशी पुस्तकं जमवत गेली. हैदराबादहून, पुण्याहून, कुणी परदेशातून येणाऱ्याच्या बॅगेतून. पुसदला दुकान टाकलं तेव्हा तिच्याकडे एकशे बारा पुस्तकं होती आणि इंग्रजी वाचणारं गिऱ्हाईक नव्हतं. त्यावर तिनं स्वतःची रीत काढली. प्रत्येक पुस्तकाला सुतळीनं एक दोनशे पानी वही बांधायची, आणि त्या वहीत पुस्तकातला मजकूर मराठीत, आपल्या हातानं उतरवायचा. या वहीचं नाव सोबतवही. बाजाराला आलेल्या बाया बाकावर बसून सोबतवही वाचायच्या, नाहीतर बबिता वाचून दाखवायची.

वाचता वाचता एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली. तिकडं जुन्या काळात स्वयंपाकघरात चाळीस-चाळीस वर्षं काळी बाई राबायची, आणि पाककृतींचं पुस्तक निघायचं ते मालकिणीच्या नावानं. रांधणारीचं नाव कुठंच नाही. बबितानं मग प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं एक ओळ लिहायला सुरुवात केली: जिनं रांधलं तिचं नाव.

इथल्या बायकांच्या वह्याही झाल्या. "मैनाबाई, दारव्हा : तुरीच्या सोल्यांची आमटी." शेतकऱ्याघरची मैनाबाई स्वतःचं नाव बघायला सुनेला घेऊन खास आली. नावावर बोट ठेवून म्हणाली, "वो माय, हे त सातबाऱ्यावर नाही माह्यं. इथं कसं काय आलं?"

तेव्हा दुकानात हसू असायचं.

रामीबाई गुरुवारी बाजाराला यायची आणि बाजार आटोपला की दुकानात पाय लांब करून बसायची. तिला वाचता येत नव्हतं. बबिता पुस्तकातलं गोरबोलीत, तांड्याच्या बोलीत, सांगायची, ती ऐकायची, मधेमधे शेरे मारायची. "इतकं लोणी? त्या बाईची म्हैस केवढी होती?" गेल्या पावसाळ्यात बबितानं तिला त्या चाळीस वर्षं रांधणाऱ्या काळ्या बाईची गोष्ट सांगितली.

"मंग त्या बाईनं काय केलं?" रामीबाईनं विचारलं.

"काय करीन? मेली."

"कोणाले सांगितलं नाही?"

"नातीले सांगितलं. नातीनं हे लिहिलं."

रामीबाईनं तोंडातली सुपारी काढून टाकली. मग म्हणाली, "तुले एक सांगू?"

त्यांच्या तांड्यात देवीच्या बोकडाची सळोई पुरुषच रांधत. बायकांनी मसाला वाटून द्यायचा आणि लांब थांबायचं. रक्त भांड्यात धरताना मीठ टाकून सारखं ढवळावं लागतं. मीठ कमी पडलं तर रक्ताचं दही होतं, जास्त झालं तर सगळं वाया. हा अंदाज तांड्यात एकाच माणसाला होता, बबिताच्या बापाला, उत्तमसिंगला. तेरा वर्षांपूर्वी त्याचे हात कापायला लागले. त्या वर्षी ढवळता ढवळता पळी हातातून सुटली. तो गोठ्यात एकटाच होता. रामीबाई मसाला द्यायला म्हणून दाराशी आली होती. तिनं बघितलं, आत गेली, पळी उचलली.

"तुह्या बापानं माह्याकडं पाहिलं नाही. भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला. अन् मी ढवळत राह्यली."

त्यानंतर अकरा वर्षं तसंच. उत्तमसिंग गोठ्याचं दार लावून घ्यायचा, माझी विद्या कोणी पाहायची नाही म्हणायचा. रामीबाई पहाटेपासून आत असायची. भांडं बाहेर निघायचं ते त्याच्या नावानं. लोक म्हणायचे, दारू पिते म्हणून हात कापते त्याचे. त्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता, पण म्हणू दिलं. तांड्यात म्हणच पडली होती: उत्तमसिंगचे हात कापते, पण मीठ नाही चुकत. दोन वर्षांपूर्वी त्याला उभंही राहवेना, तेव्हा ते काम भारत नावाच्या तरण्या माणसाकडे गेलं.

"याडी, लिहू का हे?"

"लिही ना. तुह्या दुकानात वाचते कोण?"

दोघी हसल्या होत्या. खूप हसल्या होत्या.

बबितानं वही लिहिली. मीठ किती, पळी कशी धरायची, केव्हा थांबायचं, सगळं. वर लाल शाईत नाव: रामीबाई उत्तमसिंग आडे. आणि गोठ्याची गोष्टही. पुढं मुलींच्या कॉलेजात पुस्तकांचं प्रदर्शन होतं, म्हणून तिनं या वहीच्या चाळीस प्रती काढून बांधून घेतल्या. एक प्रत तांड्यातल्याच ओम मास्तरानं घेतली. त्याला इतका आनंद झाला, की त्यानं देवळासमोर माणसं गोळा केली. "आपल्या रामीदादीचं नाव पुस्तकात आलं!" म्हणून मोठ्यानं वाचायला लागला. मिठाचं वाचलं, लोकांनी माना डोलावल्या. गोठ्याचं आलं तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. पण थांबायचं कुठं, हे त्याला कळेना, म्हणून तो शेवटपर्यंत वाचत गेला.

अकरा वर्षं देवीला बाईच्या हातचं गेलं होतं. त्याच संध्याकाळी रामीबाई गाठोडं घेऊन पुसदच्या दुकानात आली.

खेमसिंग गेल्यावर त्या मंगळवारी बबितानं आईसमोर जेवण ठेवलं. रामीबाईनं ताट बाजूला सारलं.

"फाडून टाक ती वही."

"चाळीस प्रती गेल्या, याडी. एक फाडून काय होते?"

"त जाऊन सांग. खेम्या म्हणते तसं."

"तूच सांगितलं होतं न मले? तूच केलं न ते? आता मी खोटं बोलू? त्या काळ्या बाईचं नाव नाही टाकलं त तुले केवढं वाईट वाटलं होतं..."

"ती बाई परक्याच्या घरी राबत होती वो!" रामीबाईचा आवाज इतका चढला, की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. "तिचं मालकिणीनं चोरलं. माह्यं कोणी चोरलं? सांग ना. मी कोणाकडं कामाले होती? नवऱ्याचे हात गेले, म्हणून मी माह्ये देल्ले. मी देल्लं होतं, बबिता. देल्लेली वस्तू तू चोरीची करून टाकली."

बबितानं ते ताट उचललं, पुन्हा ठेवलं.

"तो भुका असन," रामीबाई हळू आवाजात म्हणाली. "वर्षा चांगली आहे, पण तिले घाई असते. त्याले एक घास गिळाले टाइम लागते. मी गाणं म्हणत भरवतो. मले घरी जायचं आहे, बाई. मले देवी नाही पाहिजे, पुस्तक नाही पाहिजे. मले घरी जायचं आहे."

ती रडली नाही. बबिताच रडली, मांडणीकडे तोंड करून. शनिवारपर्यंत तिनं दुकान उघडलं नाही.

शनिवारी ऊन चटकत होतं. वाटेत पळस पेटल्यासारखा फुलला होता, आणि जीपमध्ये माय-लेकी एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

तांड्यात देवळासमोरच्या निंबाखाली माणसं जमली होती. बाया लांब, भिंतीच्या सावलीत. पुढं खाटेवर उत्तमसिंग बसला होता. एवढ्या दिवसांत लहान झाल्यासारखा. दोन्ही हात त्यानं मांडीखाली दाबून धरले होते. रामीबाईनं त्याच्याकडे बघितलं. त्याची दाढी वाढलेली होती, सदऱ्यावर चहाचा डाग होता. ती त्या डागाकडेच बघत राहिली.

देवीलाल नायक वाईट माणूस नव्हता. उत्तमसिंगचा लहानपणचा जोडीदार. त्यालाही हे मिटवायचंच होतं.

"बबिता, बाई, ते गोठ्याचं खरं का खोटं?"

"खोटं, नायककाका."

"मोठ्यानं बोल. सगळ्यायले ऐकू जाऊ दे."

"खोटं आहे. मी मनानं लिहिलं. याडीनं कधी पळीले हात लावला नाही. बानंच रांधलं सगळं."

भारत मागून ओरडला, "अन् बाकीच्या वह्या? त्याही मनानंच काय?"

तिनं सगळीकडे बघितलं. भिंतीच्या सावलीतल्या चार बायांची नावं तिच्या वह्यांमध्ये होती. त्या तिच्याकडेच बघत होत्या.

"हाव," बबिता म्हणाली. "सगळ्याच."

एका बाईनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढून घेतली.

नायकानं सुटकेचा श्वास सोडला. "बस. पोरगी चुकली, कबूल केलं. मिटलं. रामी, जा बापा घरी." रामीबाई उठली सुद्धा. दोन पावलं टाकली तिनं खाटेच्या दिशेनं.

"थांबा ना जरासं." हे सेवादास. तांड्यातला सर्वांत म्हातारा माणूस. तो वाईटावर नव्हता, त्याला फक्त नीट व्हायला पाहिजे होतं. "खोटं आहे त चांगलंच आहे. पण कोर लोकायनं, तांड्याबाहेरच्यायनं वाचलं ते, कॉलेजातल्या पोरींनी वाचलं. उद्या देवीचा बोकड आहेच. उत्तमसिंगनंच करावी सळोई. बसून करू दे. इथं, निंबाखाली, सगळ्यायसमोर. गोठ्यात नाही. म्हंजे कोणाच्या मनात काही राह्यत नाही."

"बरोबर आहे," कोणीतरी म्हणालं. मग आणखी दोघं-चौघं म्हणाले.

"बा आजारी आहे!" बबिता पुढं झाली. "त्याले कप धरता येत नाही, तो पळी..."

"हात त तेव्हाही कापतच होते," सेवादास म्हणाला, अगदी शांतपणे. "मीठ नाही चुकलं. आता तूच म्हणली न, त्यानंच केलं?"

खेमसिंग मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. बबितानं त्याच्याकडे बघितलं, त्यानं वर बघितलं नाही.

नायक खाटेजवळ आला, वाकला. "उत्तम. एका वेळेचं काम आहे. करशील ना?"

उत्तमसिंगनं मांडीखालचे हात बाहेर काढले. गुडघ्यावर ठेवले. ते थांबेनात. सगळा तांडा त्या हातांकडे बघत होता. रामीबाई जिथं थबकली होती तिथून म्हणाली, "अवो, नाही म्हणून टाका. मी जातो पोरीकडं. तुमी नाही म्हणून टाका."

"रामी, तू नको बोलू," नायक म्हणाला. "त्याले बोलू दे. उत्तम, हो का नाही?"

"बा," बबिता खाटेशी गुडघ्यावर बसली. "बा, जे खरं आहे ते तुमीच बोला. नाहीतर हो म्हणा. काहीही म्हणा. याडी आज घरी येईन का नाही, तेवढं त सांगा."

उत्तमसिंगनं एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग खाटेच्या माचव्याला धरून तो उठला. खेमसिंग धरायला आला, त्यानं कोपरानं त्याला सारलं. चपलेत पाय घालायचा दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. तसाच अनवाणी निघाला. रामीबाईच्या इतक्या जवळून गेला, की तिनं हात थोडा पुढं केला असता तर बाही हाताला लागली असती. तो थांबला नाही. स्वतःच्या घराचं दार आलं, वर्षा दारात उभी होती; तिथंही थांबला नाही.

"उत्तम!" नायकानं हाक मारली. "आमी काय समजाचं?"

तो शेवटच्या घरापाशी पोचला होता. मान वळवली नाही. उन्हातून, तापलेल्या डांबरावरून, अनवाणी, फाट्याच्या रस्त्यानं चालत गेला.